जरा बाजूला बघ

विकुन्याच्या टेकडीवर रात्री मी परक्यांना तारे दाखवते.
बोटाऐवजी एक हिरवी रेघ.
जुलैत मात्र तिचा घसा बसतो.
मग तिला काखेत धरते, थर्मामीटरसारखी,
आणि ऊब धरेपर्यंत बोलत राहते,
खालच्या द्राक्षमळ्यांबद्दल, तोंडाला येईल त्याबद्दल.

या जुलैत काखेचाही उपयोग होईना.
आन्सेल्मो ओगाल्देंच्या दुकानात गेले.
घड्याळं, श्रवणयंत्रं, पोटातून दोरे लोंबणारा एक रेडिओ,
आणि काउंटरवर अर्धं लिंबू, चहासाठी राखलेलं.

त्यांनी शेपटीची टोपी फिरवली.
दोन सेल ओघळले, मागोमाग स्प्रिंग.
पितळी नळी लाकडी चिमट्यात धरून
गोंद सुटेपर्यंत तापलं टोक जवळ धरून बसले.
"घाई केली तर भिंग तडकतं," म्हणाले,
"नाही केली तर गिऱ्हाईक."

एवढंसं!
राजगिऱ्याच्या दाण्याएवढा स्फटिक,
दाण्याला चिकटलेला दुसरा दाणा,
त्यातला एक किंचित जांभळा.
या एवढ्याशा खोलीतून
मी रोज अगस्त्यापर्यंत जाऊन येत होते.

"मुळात उजेड हिरवा नसतोच.
आत पेटतो तो कुणाला दिसत नाही.
पहिला दाणा त्याला गिळतो,
दुसरा त्याची घडी घालतो.
बरोबर निम्म्यावर दुमडला, की हिरवा."

आणि जो दुमडत नाही, तो?

त्यांनी चिमटीत एक टिकली उचलली.
काचेची, निळसर, माशाच्या खवल्यासारखी.
"त्याच्यासाठी ही. दारावरची.
पोरं यायची माझ्याकडे तेव्हा.
कुणाला फुगा फोडायचा असे, कुणाला काडी पेटवायची.
मी स्क्रू पाव फेरा फिरवायचो, वर पाव फेरा फुकट.
मग वाटलं, ही टिकली कशाला उजेड अडवून बसलीय?
काढली.
भिंतीवरचा ठिपका होता तसाच.
काहीच फरक दिसेना,
म्हणून जवळून पाहिलं."

दुखलं नाही.
हे ते दोनदा सांगतात. दुखलं असतं तर
डोळा आपोआप मिटला असता.
तेव्हापासून डाव्या डोळ्यात मधोमध मसुराएवढी जागा रिकामी.
जे बघावं, नेमकं तेवढंच गायब:
वाक्यातला शब्द, काट्याचं टोक,
बायको बोलत असताना तिचं तोंड.

मी म्हटलं, पाहुण्यांना मीही तेच शिकवते.
अंधुक तारा हवा असेल तर थेट पाहू नका,
जरा बाजूला बघा.
ते हसले. "मला शिकवतेस?"

जुना दिवा काढून त्यांनी नवा बसवला,
नळीवर चामड्याची बाही चढवली, स्वतःच्या जुन्या हातमोज्याच्या बोटाची.
करंट मात्र उतरवला.
मला जास्त तेज हवं होतं, मी म्हटलं.
"हवं असेल," म्हणाले,
आणि टिकली जागच्या जागी ठेवून
गोंदाचा थेंब सुकेपर्यंत मनात आकडे मोजत राहिले.
ओठ हलत होते. एकशे चाळीसपर्यंत तरी गेले असतील.

पैसे घेतले नाहीत. शनिवारी वर आले,
दोन पोंचो एकावर एक घालून, धापा टाकत.
पाहुणे गेल्यावर मी रेघ उभी केली.
पहिल्या दाबाला पेटली, त्या गारठ्यात.
हा मित्र. हा मित्रक.
तसंच सरळ पुढे गेलात की त्रिशंकू, त्याचा हा पायथ्याचा तारा.
माझा हात कापत होता, म्हणून आभाळही थोडं कापलं.

त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला,
मान कोंबडीसारखी तिरकी केली.
बराच वेळ.

दिसला?

"तू दाखवतेस तो नाही.
त्याच्या शेजारचे सगळे."

मग विचारलं, उतरायला बॅटरी आणलीस ना?
आणली नव्हती.
हिरवी रेघ पायवाटेवर धरायची नसते, दगड चमकून डोळ्यात येतो.
ती खिशात घातली,
आणि त्यांनी माझा दंड धरला की मी त्यांचा,
ते अंधारात नीट कळलं नाही.